ताकदीची गोळी

तुही थायरॉईडची गोळी कुलपात ठेव बाई, अनुभवानं सांगतो. मी पहाटे उपाशीपोटी एक घेतो, मंग चहासाठी अर्धा तास तळमळत बसतो. पण सुस्ती गेली, औंदा धानाच्या रोवणीत मी सगळ्यायच्या पुढं.

अन् त्याच टायमाले आमचे हे एका जागी बसेचनात. अंगण झाडून राह्यले, पाण्याचे गुंड भरून राह्यले, झोपेचं नाव नाई. मी खूश होतो, पण त्यायचे हात थरथरायले अन् छाती धडधडायले लागली, तशी घाबरून त्यायले चंद्रपूरले नेलं.

डॉक्टरीणबाईनं इचारलं, "काही गोळ्या घेता?"

"हिच्या डब्बीतल्या ताकदीच्या, रोज तीन," हे म्हणाले. "एका गोळीत ही एवढी पळते, म्हटलं आपणही पाहावं."

"ताकदीच्या नाहीत त्या! तिच्या शरीरात जे कमी आहे ते भरून काढतात. तुमच्यात कमी नाही. आजच बंद करा, नाहीतर हृदयावर बेतेल."

घरी येऊन सासूले सगळं सांगितलं. तिनं झाडलेल्या अंगणाकडं पाह्यलं, भरलेल्या गुंडांकडं पाह्यलं, अन् हळूच म्हणाली, "अर्धी देली तर नाई चालणार का व?"