चाकाखालचं लिंबू

हसताय काय? अजूनही जीप चालू करताना आधी मी मागं वळून बघतो, मग गिअर टाकतो.

वीस वर्षं आमची जीप चार गिअरवर पळाली. यंदा मिस्त्रीला सोनईच्या मळ्यात बोलावून तिला पाच गिअरचा बॉक्स बसवला. त्यानं दहादा बजावलं, “मालक, जुना पहिला डावीकडं वर हुता. आता तिथं रिव्हर्स हाय, पहिला खाली. इसरू नका.”

पूजा झाली. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, नारळ फोडून बाजूला झाले. जीपच्या मागं विहीर, तीही बिनकठड्याची.

मी क्लच दाबला आणि सवयीनं गिअर वर टाकला. जीप मागं निघाली!

“ब्रेक दाबा, ब्रेक!” मिस्त्री ओरडला.

दाबला. जीप थांबली आणि मागं पाण्यात दगड पडल्याचा आवाज आला. डुबुक.

अण्णा धावत आले. वाटलं, हात धरून खाली उतरवतील. त्यांनी जमिनीकडं बोट केलं.

“लिंबू तसंच राह्यलं की रं. चल, घे पुढं.”

आणि विहिरीच्या काठावर जीपमध्ये बसून मला काही केल्या आठवेना, पहिला वर का खाली?