एकविसावं कलम

(नागपूर, १९७६. आणीबाणीतला एक रविवार. वस्तीतल्या बुद्धविहाराची पायरी. आत माणसं जमली आहेत.)

गोपाळराव : लहानूजी, मी विहार कमिटीचा सेक्रेटरी. उद्या ऑफिसात साहेबांनी विचारलं तर काय सांगू? दर रविवारी वंदनेनंतर आपण घटनेचं एक कलम वाचतो, ठीक आहे. पण आज एकविसावंच काहून?

प्रेमिला : मागच्या रविवारी विसावं झालं, काका. मंग आज एकविसावंच येईल ना!

गोपाळराव : अगं, बाविसावं घे. नको नको, त्यात अटकेचं आहे. तू सरळ तेविसावं वाच. वेठबिगारीचं आहे, कोणाला झोंबणार नाही.

लहानू : गोपाळराव बरोबर बोलून राहिले, वं. तेविसावं वाच अन् मोकळी हो. मुकुंदाले पोलिसानं नेलं, अजून भेट नाही. पोरगा आत हाय, आता पोरगी बी धाडू का?

प्रेमिला : दादानं मिलच्या गेटवर भाषणच केलं ना, बाबूजी? चोरी तं नाही केली!

गोपाळराव : मी वकिलाकडे गेलो होतो त्याच्यासाठी. म्हणाला, जगण्याचा, स्वातंत्र्याचा हक्क एकविसाव्यातच आहे, पण सध्या त्यासाठी कोर्टात जाताच येत नाही. मग वाचून करायचं काय? मी आत मेणबत्त्या लावतो. पण सांभाळा बाप्पा, माझी नोकरी सरकारी आहे.

लहानू : आयकलं? तू कॉलेजातल्या डिबेटात म्हनली होती, देशाले लेखी घटना पायजेच कायले? विलायतेत असं एक पुस्तक नाही, तरी राज्य चालतेच. कप आनला, अन् मी तुह्यासंग बोलनं सोडलं.

प्रेमिला : हो, चांगलेच रागावले होते तुम्ही.

लहानू : तुह्यंच खरं निंगालं. एवढं सारं लिवून ठेवलं, तरी माह्या पोराले उचलून नेलंच. कोन्या कामाचं हे लिवलेलं?

प्रेमिला : असं नका बोलू. तुमच्या तोंडून ऐकवत नाही मले.

लहानू : मंग काय बोलू? भेव लागते, वं. दारात सायकल थांबली तरी जीव उडते.

प्रेमिला : एक सांगा. सावनेरकडं आपल्या गावात, विहिरीले हात लावायचा नाही, हे कुठं लिहून होतं?

लहानू : कोठीच नाही. लिवाचं काय काम? पोट्टं चालाले लागलं का त्याले समजे.

प्रेमिला : मग भांडले काहून नाही?

लहानू : कोनासंग भांडू? पाटलाले इचारलं तं तो म्हने, म्या कोठी मना केलं, रीत हाय. त्याचा गडी म्हने, रीत हाय. आमचा बुढा बी तेच म्हने. रीतीची गचांडी कशी धराव, सांग बरं!

प्रेमिला : हेच तं! दादाले नेलं ते चूक आहे, असं आज लिहिलेल्यावर बोट ठेवून दाखवता तरी येते. आपणच भिऊन ते कलम गाळलं, तं उद्या लोक म्हणतील, असं काही होतंच कुठं?

लहानू : अन् तुले नेलं तं?

प्रेमिला : मलेही भीती वाटते, बाबूजी. तेविसावं वाचून घरी पळावं, असं वाटून राहिलं. पण आई सकाळपासून पहिल्या रांगेत येऊन बसली. शेजारणीले सांगून राहिली, आज माह्या मुकुंदाचं कलम हाय.

लहानू : मुकुंदाचं म्हनली?

प्रेमिला : हो.

गोपाळराव : चला, लोक थांबले आहेत. काय ठरलं, लहानूजी?

लहानू : एकविसावं.

गोपाळराव : अहो, पण...

लहानू : तुमाले भेव वाटत असन तं घरी जा, गोपाळराव. माहा राग नाही. कोनी इचारलं तं सांगा, लहानूनं आयकलं नाही. चाल वं, प्रेमिला. आन ते पुस्तक इकडं, मी धरतो. तू मोठ्यानं वाच.