बारक्या बियांचं तेल

नाही, नाही, हळू बोला — मामंजी पलीकडच्याच खोलीत आहेत. सासरे हो माझे. काय म्हणालात, तुमच्या प्रयोगशाळेत असं तेल आजवर आलंच नव्हतं? ते गॅमा-लिनोलेनिक आम्ल की काय, ते उंच जातीच्या दुप्पट? बघू तो कागद... अगबाई, खरंच की! म्हणजे म्हातारा बरोबर सांगत होता. तीस वर्षं एकच धोशा — सगळं हेम्प एकसारखं नसतं, बाई, जात बदलली की तेलाचा कस बदलतो. लोक हसायचे. हेम्प म्हणजे भांगेचंच भावंड, नाव काढलं की नशाच आठवते ना लोकांना — या बियांत कसली आलीय नशा, असती तर आज मीच दोन घोट घेतले असते!

आता मूठभर बी हवंय तुम्हाला. हवंच असणार. पण कसं देऊ — म्हणजे आहे, डबाभर आहे, पण... बसा ना तुम्ही. त्याचं असं झालं, यंदाचं पीक पाखरांनी खाल्लं. मामंजी दवाखान्यात, मी त्यांच्या उशाशी, आठ दिवस शेताकडे कुणी फिरकलं नाही — आलो तर नुसत्या काड्या. आणि तुम्हाला नमुना द्यायची तारीख तोंडावर. शेजाऱ्यांकडे उंच जातीचं बी होतं, दोरखंडासाठी लावतात ना, ती जात — तेच गाळून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तेलाचा रंग तोच, वास तोच. पण आकडे घसरले असते. आणि मला तर मामंजींना दाखवायचं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत, की बघा, तुमचं खरं ठरलं! म्हणून मी पेरणीसाठी राखलेल्या बियांचा डबा उतरवला.

अर्धाच घ्यायचा होता हो, देवाशप्पथ! पण यंत्रातून तेल निघेचना, नुसता थेंब थेंब — म्हटलं टाक अजून थोडं, अजून थोडं — आणि डब्याचा तळ दिसला. रिकामा कसा ठेवणार? शेजाऱ्यांचंच बी भरलं त्यात. थोराड, फिकट. आपलं बारकं, काळसर, ठिपक्याठिपक्यांचं. कुणालाही कळेल.

तुमच्याकडे उरलंसुरलं असेल ना? मी दिलेल्यातलं? एखाददुसरं बी... काय, तेलच? नुसतं तेलच? अहो, तेल पेरून काय उगवणार! पेंड तर मी कोंबड्यांना घातली. तीस वर्षं, ताई, एकेक रोप निवडून निवडून — आणि मी ते दोन बाटल्यांत संपवलं. का रडू नको? दुसऱ्या कुणाकडे नाही हो ते, कुणाकडेच नाही. कुणी मागितलं तर मामंजी म्हणायचे, आधी पटू दे लोकांना, मग देऊ.

थांबा. डब्याचं झाकण वाजलं. आज पेरायचं म्हणत होते सकाळी, मी म्हटलं उद्या बघू, उद्या... मामंजी? काही नाही, प्रयोगशाळेतल्या बाई आल्यात — हो, निघाल्याच त्या. असे का उभे आहात दारात? काय आहे हातात? ते फिकट बी... मामंजी, रागवा तरी.

ताई, तुम्ही जा आता. नको, तो कागद नको इथे. घेऊन जा.