विठाबाईंचा होकार
माझ्या नातीचं, तेजलचं लग्न झालं त्या हिवाळ्यात मी नाशिकला दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. शेजारी आमच्याच सायखेड्याच्या विठाबाई आणि त्यांची सून स्नेहा. एक्सरे नुकताच हाती आला होता.

"आत्या, पडल्या तेव्हाच का नाय सांगितलं? आठवडाभर नुसतं तेल चोळत बसल्या."

"सांगितलं असतं तर मला न्हाणीत एकटीला जाऊ दिलं असतं?"

"नसतंच दिलं. म्हाताऱ्या माणसाला आधार लागतो."

"म्हातारी तुझी आई. मी सासू हाय."

"बरं, सासूबाई. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशनला हो म्हणा."

"मग माझी अंघोळ मीच करीन?"

"डॉक्टर म्हणतात, कराल."

"आतून कडी लावून?"

"लावा बाई. मी बाहेर उभी राहीन."

"मग सांग त्यांना, हो."

ऑपरेशन झालं. पण विठाबाई पुन्हा उठल्याच नाहीत; त्याच माघ पौर्णिमेला अंथरुणातच वारल्या.