मर्लच्या कॉम्प्युटरमधली अडलेली फाईल

लॉन्सेस्टन शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात ग्वेंडा आपल्या नंबरची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर मर्ल नावाची म्हातारी आपल्या घराशेजारी राहणाऱ्या डेसशी बोलत होती.

“डेस, आज कॉम्प्युटरवर ती सूचना आलीच नाही रे! महिनाभर रोज सकाळी तेच, ‘शोधसूची अपूर्ण आहे.’”

“येईल कशी? एक फाईल खराब होती. शोधायला सोपं जावं म्हणून कॉम्प्युटर सगळ्या फायलींची सूची करायला बसला की तिथेच अडायचा. मी ती बाजूला काढली आणि सूची नव्यानं करायला लावली.”

“कॉम्प्युटरचा दुकानवाला तर म्हणाला, सगळं पुसून टाका.”

“पुसलं असतंस तर क्लाइव्ह पुन्हा एकदा गेला असता.”

“म्हणजे?”

“ती फाईल तुझ्या नवऱ्याच्या गाण्याची होती, मर्ल. चर्चमधल्या. कालच दुरुस्त झाली. शेवट तुटलाय, बाकीचं छान वाजतं.”

“क्लाइव्हचा आवाज आहे?”

“आहे की. चांगला बेसूर आहे.”

“मेल्या! तुझे उपकार कसे रे फेडू?”

“लॅमिंग्टन केक कर.”

“करते. रविवारी खायला ये, आणि माझ्याजवळ बस. एकटीनं ऐकायचा धीर नाही मला.”

“ग्वेंडा!” नर्सनं हाक मारली.

ग्वेंडा उठली आणि जाता जाता मर्लच्या हातात आपला रुमाल ठेवून गेली.