टिल्लीच्या उजव्या हाताबाबत

मी (संपूर्ण नाव वर पहिल्या ओळीत लिहून घेतले आहे), वय छत्तीस, धंदा लिफ्ट दुरुस्ती, राहणार छापखान्यामागील इमारत, तिसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी व आमची साडेतीन वर्षांची मुलगी असे राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. हे हवालदारसाहेबांनी हसून दोनदा विचारले, म्हणून लिहून घ्यावे. पत्नी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मुलीला घरी-दारी सगळे टिल्ली म्हणतात.

आम्ही दोघेही दिवसभर कामावर असल्याने टिल्ली गेल्या वर्षापासून बाजारामागच्या पाळणाघरात जाते. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे छोटे अंगण आणि अंगणाला जाळीचे फाटक, असे ते पाळणाघर आहे. ते चालवणाऱ्या बाईंना मुले मोठी मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. धाकटी मावशी कोणी नाही. बाई शिस्तीला कडक आहेत. एकदा मला टिल्लीला न्यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी मला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवून पाळणाघर बंद व्हायची वेळ काय असते ते समजावून सांगितले होते. मला त्यांची थोडी भीती वाटते. टिल्लीला मुळीच वाटत नाही.

काल संध्याकाळी मी एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. खड्ड्यात फोनला रेंज नसते. वर आलो तर मोठ्या मावशींचे एकामागून एक फोन येऊन गेले होते. मुलाला ताप आला तरी ही बाई एकदाच फोन करते, ‘या’ म्हणते आणि ठेवून देते. हातसुद्धा न पुसता मी स्कूटर काढली. हँडलला अजून ग्रीस आहे.

मी पोचलो तेव्हा टिल्ली पायरीवर मावशींच्या मांडीत होती. उजवा हात तिने अंगाशी धरून ठेवला होता आणि त्याला कोणाला हात लावू देत नव्हती. रडून झाले होते, नुसते हुंदके उरले होते. मला पाहिल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मावशी म्हणाल्या, “हाताला लागलंय. माझ्या हातून लागलंय. आधी डॉक्टरकडे चला, मग मला काय बोलायचं ते बोला.” मावशींनी राहिलेली दोन मुले शेजारणीच्या हवाली केली, फाटकाला कुलूप लावले आणि स्कूटरवर मागे टिल्लीला घेऊन बसल्या.

डॉक्टरांनी टिल्लीचे कोपर हातात घेतले, तिला बुटांचा रंग विचारला आणि ती बूट बघत असताना हात हलकेच फिरवला. टक असा बारीक आवाज झाला. टिल्लीने रडायला तोंड उघडले आणि ते तसेच उघडे ठेवून विचार केला. मग त्याच हाताने तिने डॉक्टरांच्या खिशातला पेन काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, “एवढ्याशा मुलांचं कोपर हात ओढला की असं सटकतं. आता बसलं. पट्टी नको, औषध नको. काही दिवस हाताला धरून उचलू नका म्हणजे झालं.” मला एकदम हलके वाटले आणि मग भूक लागल्याचे लक्षात आले. मावशी मात्र खुर्चीवर बसून राहिल्या.

परत येताना त्यांनी सांगितले ते असे. सोमवारपासून करड्या टोपीचे एक म्हातारे गृहस्थ पाळणाघरासमोरच्या बाकावर येऊन बसत आणि मुलांकडे बघत. मावशींच्या नजरेतून हे सुटले नव्हते. काल मुले अंगणात बूट घालत असताना फाटक एका आईसाठी उघडले, तेवढ्यात ते आत आले, टिल्लीचा डावा हात धरला आणि “चल बाळा” म्हणाले. टिल्ली निघाली. तिचे असेच आहे, ज्याला खिसा आहे त्याच्यामागे ती जाते. मावशींनी धावत जाऊन तिचा उजवा हात पकडला. पुढचे बोलणे मावशींनी दोघांच्या आवाजात करून दाखवले.

“कोण तुम्ही?”

“मी हिचा आजोबा.”

“असं कोणीही म्हणेल. हिच्या बापाचं नाव सांगा.”

“त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तो लिफ्टवाला आहे.”

“लिफ्टवाले गल्लोगल्ली आहेत. नाव सांगा आणि न्या.”

“नाव मी सांगणार नाही.”

“मग मुलगी मी देणार नाही.”

यानंतर दोघांनीही आपापल्या हातातला तिचा हात ओढला. टिल्ली किंचाळली, तशी दोघांनी एकदमच सोडली. त्यामुळे ती खाली बसली आणि जास्त त्या पडण्यानेच रडली. गृहस्थ घाबरून मागे सरले. मावशींनी त्यांना फाटकाबाहेर काढले आणि कडी घातली. बापाचे नाव सांगता येत नाही म्हणजे हा मुले पळवणारा, असे त्यांनी धरले. त्यांच्या जागी मीही तेच धरले असते. हे ऐकताना तो माणूस कोण असेल असे माझ्या मनातही आले नाही. मी त्यालाच शिव्या घालत होतो.

रात्रीचे जेवण व्हायच्या आधी मला याच पोलीस ठाण्यातून फोन आला. पाळणाघराच्या बाईने मुलीचा हात पिरगाळला, तिला कोंडून ठेवले व नंतर कुलूप लावून ती फरार झाली, अशी तक्रार मुलीच्या आजोबांनी दिल्याचे सांगण्यात आले. मी म्हणालो, माझे वडील वारले आहेत. पलीकडून सांगितले, मग दुसरे आजोबा असतील. मी फोन कानाला तसाच धरून पत्नीकडे पाहिले. ती टिल्लीला भरवत होती. “ते करड्या टोपीवाले तुझे बाबा होते,” एवढेच मी म्हणालो. तिने घास हातात धरून ठेवला, टिल्लीने तो हातातूनच खाल्ला. मग तिने विचारले, “टोपी कधीपासून घालायला लागले?”

विचारल्यावरून सांगतो की, माझ्या लग्नाला पाच वर्षे झाली. लग्न सासऱ्यांच्या मर्जीविरुद्ध झाले. ते कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त आहेत. दिवसभर वर-खाली करणारा माणूस एका मजल्यावर काय टिकणार, असे त्यांचे म्हणणे होते आणि हे त्यांनी मला तोंडावर सांगितले होते. या माणसाचे नाव पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही, असेही ते तेव्हा सर्वांसमक्ष म्हणाले. त्या दिवसापासून बोलणे, जाणे-येणे सगळे बंद होते. टिल्ली झाल्याचे पत्नीने कळवले होते. उत्तर आले नाही. शब्दाला ते किती पक्के आहेत हे मला काल कळले. नात हातात आली असती, दोन शब्द बोलायचे होते, तेवढेही ते बोलले नाहीत. (मुद्द्याला धरून बोला, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. हाच मुद्दा आहे, असे मी सांगितले.)

आज सकाळी मी, पत्नी व टिल्ली येथे आलो. मोठ्या मावशी आधीच आल्या होत्या. इस्त्रीची साडी नेसून, हातात पिशवी घेऊन बाकावर ताठ बसल्या होत्या. पिशवीत काय आहे विचारले, तर म्हणाल्या, “दोन साड्या आणि टूथब्रश. आत ठेवलं तर लागेल.” त्यांनी हे अगदी सहज सांगितले. मला मात्र फार लाज वाटली, कारण त्या आत गेल्या असत्या त्या माझ्या घरातल्या भांडणापायी. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सासरे बसले होते. पाच वर्षांत ते बारीक झाले आहेत. पत्नी दोघांच्या मधे जाऊन बसली आणि टिल्लीला मांडीवर घेतले.

ठाण्याच्या मुख्य साहेबांनी तक्रार वाचायला सांगितली. हवालदारसाहेबांनी ती भराभर वाचली. तीत दर ओळीला ‘माझी नात’ आणि ‘माझ्या मुलीची मुलगी’ असे आहे. पत्नीने ती पुन्हा एकदा, जरा हळू वाचायची विनंती केली. ऐकू आले नाही का, असे साहेबांनी विचारले. ती म्हणाली, “आलं. पण पुन्हा वाचा.” हवालदारसाहेबांनी पुन्हा वाचली. सासरे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

मग साहेबांनी मावशींना विचारले, उजवा हात कोणाच्या हातात होता? सासऱ्यांकडे बोट दाखवून त्यांना सुटता आले असते. त्या म्हणाल्या, “माझ्या. ओढलाही मीच. जोरात ओढला.” साहेबांनी मला सांगितले की, दुखापत बाईंच्या हातून झाली हे त्या मान्य करतात, तेव्हा बापाचे म्हणणे महत्त्वाचे आहे. बापाची तक्रार असेल तर पाळणाघर बंद होऊ शकते. तसेच म्हाताऱ्यांनी परवानगीशिवाय मूल न्यायचा प्रयत्न केला, त्याबद्दलही मी तक्रार देऊ शकतो. खोटे कशाला सांगू, या दुसऱ्या गोष्टीने माझे कान टवकारले. पाच वर्षांत पहिल्यांदाच सासरे माझ्या हातात सापडले होते. तेवढ्यात टिल्ली पत्नीच्या मांडीवरून उतरली, सासऱ्यांच्या कोटाच्या खिशात उजवा हात कोपरापर्यंत घातला आणि कंगवा, गोळ्यांची पट्टी, रुमाल असे एकेक काढून बाकावर मांडू लागली. साहेबांनी विचारले, “हे कोण ग?” ती म्हणाली, “ओढणारे आजोबा.” सासऱ्यांनी तिला अडवले नाही. दुसऱ्या खिशाचे तोंड तिला सोपे जावे म्हणून ते जरा वळून बसले. माझा सगळा जोर तिथेच ओसरला.

तरी माझे म्हणणे असे आहे. लिफ्ट सुटून खाली यायला लागली की सेफ्टी ब्रेक लागतो. तो हळूच लागत नाही. आतल्या माणसाला हिसका बसतो, कोणाचे गुडघे फुटतात, कोणाचा चष्मा. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात त्या ब्रेकविरुद्ध कोणी तक्रार केलेली नाही. मोठ्या मावशींनी ओळख न पटलेल्या माणसाला माझी मुलगी दिली नाही, यात हात सटकला. हात बसला आहे. त्यांनी हात सोडला असता आणि तो माणूस खरोखर कोणी दुसरा असता तर मी आज कोणता जबाब देत असतो, ते मला बोलवत नाही. माझी त्यांच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. उलट मी त्यांचा आभारी आहे आणि टिल्ली उद्या तिथेच जाईल. सासऱ्यांविरुद्धही माझी तक्रार नाही. सोमवारपासून उन्हात बाकावर बसून नात बघणाऱ्या माणसाला मी आणखी काय करणार?

हे मी बोलत असताना साहेबांनी सासऱ्यांना विचारले, “जावयाचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं का?”

“माहीत आहे.”

“मग सांगितलं का नाही?”

“घेत नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवला. पत्नीला हसू फुटले आणि ते तिला आवरेना. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “अहो आजोबा, रुसायला माझ्याकडे पंधरा मुलं आहेत, तेवढी मला पुरतात. तुमचा रुसवा तुमच्या घरी ठेवायचा. लेकराच्या हातावर काय काढता?” सासरे टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग मावशींकडे बघून म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. मी तक्रार मागे घेतो. हिचा हात दुखला, ते माझ्यामुळे.” मावशी म्हणाल्या, “मागे घ्या, नाहीतर राहू द्या. पण उद्या फाटकाशी आलात तरी नाव सांगितल्याशिवाय मुलगी मिळणार नाही. मला सगळे सारखे.” पत्नीचे हसू थांबले होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही, मीही पाहिले नाही.

याव्यतिरिक्त मला काही सांगायचे नाही. येथे जबाब संपला होता. पुढील मजकूर माझ्याच सांगण्यावरून जोडला आहे.

हवालदारसाहेब जबाब वाचून दाखवू लागले, पण खोकल्याने त्यांना दुसरा शब्द निघेना. सासऱ्यांनी हात पुढे करून कागद मागितला. ते कोर्टात पुकारा करायचे, सगळी नोकरी त्यांनी बाहेर उभे राहून पक्षकारांची नावे पुकारण्यात काढली, हे पत्नीने साहेबांना सांगितले. सासऱ्यांनी टोपी घातली, उभे राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत माझे नाव आहे. ते त्यांनी माझ्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, न अडखळता एवढ्या मोठ्याने पुकारले की बाहेरच्या व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. पुकारा झाला, म्हणून मी “हजर” म्हणालो. पत्नीला काय झाले ते लिहू नये, असे तिने सांगितले आहे. मोठ्या मावशी पिशवी उचलून सासऱ्यांना “आता न्या” म्हणाल्या. बाकीचा जबाब सासऱ्यांनी शेवटपर्यंत वाचला, मी तो ऐकला, आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे.