एक बोई निघू दे

...नाही हो, मासा खायचाच असता तर बाजारातून आणला नसता का? पाच मिनिटांचं काम! पण आमच्या सासरेबुवांना बाजारातली बोई चालत नाही, त्यांना माझ्या हातून निघालेली बोई हवी, रॉडने, रिळाने, धक्क्यावर उभं राहून! आणि तुम्हाला सांगतो, समुद्रात इतके मासे असताना या माणसाने नेमकी बोईच निवडली! किडा दाखवा, तोंड फिरवते. कोळंबी दाखवा, तोंड फिरवते. शेवाळ चाटून जगणारी बया, तिला पाव घालायचा! तोही लगेच गळाला लावून नाही, आधी चार दिवस, रोज त्याच वेळी, त्याच जागी, नुसता फुकट पाव पाण्यात टाकायचा, म्हणजे म्हणे तिचा विश्वास बसतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, घरात माझ्यावर साधं दूध तापवण्याचा कुणी विश्वास टाकत नाही, आणि मी माशाचा विश्वास कमावत बसलोय! आणि मागे घडीच्या स्टुलावर सासरेबुवा, शांत, "बोईला घाई चालत नाही, जावईबापू."

आता हे आले कशाला होते? डोळ्याच्या ऑपरेशनला! पंधरा दिवस. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात, तेव्हा आपल्याकडे करू म्हटलं. डोळा पंधरा दिवसांत लख्ख झाला हो, पण मुक्काम... सात महिने! बाहेरच्या खोलीतला सोफा त्यांचा, रिमोट त्यांचा, आणि बातम्या इतक्या मोठ्याने की शेजारीण जिन्यात भेटली की मलाच मथळे सांगते. शेवटी एकदा, अगदी साखर पेरून, मी म्हटलं, बाबा, तिकडे घर बंद आहे, वाळवीबिळवी लागायची... तर बायकोच्या देखत म्हणाले, "तुमच्या हातून एक बोई निघू दे. दुसऱ्या दिवशी बॅग भरतो. शब्द."

मी म्हटलं, हात्तिच्या! अहो, मी मोटार चालवायला शिकवतो. एकोणीस वर्षं! माझा विद्यार्थी दुसऱ्यांदा नापास होत नाही, ही माझी ख्याती. मासा काय चीज आहे?

चीज आहे! दोरीचं तरंगतं बूच जरा थरथरलं की मागून आरोळी, "हिसका द्या, हिसका!" मी हिसका देतो, गळ रिकामा. बूच बुडलं, हिसका, गळ रिकामा. दिवसभर मी लोकांना घसा फोडून सांगतो की क्लच हळू सोडा, हिसका देऊ नका, आणि संध्याकाळी धक्क्यावर मीच हिसके देत सुटतो! आणि वर काय ऐकायचं? बोईला घाई चालत नाही!

मग परवा गळ संपले म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, साहेब, गळ इतके नेता, मासे किती निघाले? एकही नाही म्हटलं आणि सगळी कहाणी सांगितली. त्याचा हात गळ मोजता मोजता थांबला. बोईचे ओठ अगदी नाजूक, म्हणाला, हिसका दिला की फाटणारच, नुसता रॉड अलगद उचलायचा आणि रिळाचा ब्रेक सैल ठेवायचा. कुणी शिकवलं तुम्हाला? म्हटलं, सासऱ्यांनी, चाळीस वर्षं बोई धरतायत. तो पुडी बांधत म्हणाला, "मग त्यांना धरू द्यायची नसेल."

तुम्हाला सांगतो, डोक्यात अशी तिडीक गेली! म्हातारा मला इतके दिवस बनवतोय? थांब म्हटलं. काल गेलो, रिळाचा ब्रेक सैल. बूच बुडालं. मागून "हिसका द्या!" मी ऐकतोय होय? अलगद उचलला रॉड... आणि लागली हो! रीळ नुसतं किर्रर्र... ती पळाली, मी दोरी सोडली, ती दमली, मी गुंडाळली, पुन्हा पळाली, पुन्हा सोडली. पहिल्या गियरमध्ये घाट चढतोय तसा! आली की पायऱ्यांपाशी, हातभर लांब, चंदेरी! मी ओरडलो, बाबा, हातजाळं!

जाळं येईना. वळून बघतो तर सासरेबुवा उभे, जाळं छातीशी धरलेलं, बोईकडे बघतसुद्धा नव्हते.

"निघाली म्हणायची," ते म्हणाले. मग अगदी हळू, "उद्या सकाळची गाडी असते ना? तिकडे काय... दिवा लावायचा मीच, मालवायचा मीच."

सात महिने मी या माणसाच्या बॅगेची वाट बघितली, आणि ती डोळ्यांसमोर आली तेव्हा मलाच ती नको झाली. सोफा गेला खड्ड्यात, बातम्या गेल्या खड्ड्यात!

मी हिसका दिला. असा दिला, असा दिला, की एकोणीस वर्षांत कुठल्या नवशिक्याने क्लचवर दिला नसेल. बोई गेली.

सासरेबुवा रिकाम्या गळाकडे बघत राहिले. मग जाळं खाली ठेवून स्टुलावर बसले.

"बोईला घाई चालत नाही, जावईबापू. तुम्हाला अजून वर्षभर तरी लागेल."

घरी बायकोने विचारलं, तर म्हणतात कसे, तुझा नवरा मनाने चांगला आहे गं, पण हाताने ठोंब्या! आणि बातम्या लावल्या. मोठ्याने.

तर असं आहे. एकोणीस वर्षांत मी सगळ्यांना पास केलं, आणि आता स्वतः रोज संध्याकाळी, न चुकता, मन लावून नापास व्हायचंय... चला, निघतो, पाव संपायच्या आत बेकरी गाठायला हवी.